कृत्रिम पेशी: सोयगावला काय मिळेल, आणि विचारायचं कोणाला?

सोयगाव तालुक्यातल्या कापूस उत्पादकाला जनुकीय तंत्रज्ञान म्हणजे काय, हे कुणी शहरातून येऊन समजावण्याची गरज नाही. गेली वीस-बावीस वर्षं तो ते पेरतो आहे. अजिंठ्याच्या डोंगराखालचा हा तालुका कागदावर मराठवाड्यात आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात आहे. पण बाजारहाट, बोली आणि सोयरीक पाहिली तर अर्धाअधिक खानदेशात. जिल्ह्याचं ठिकाण घाट चढून शंभरेक किलोमीटरवर. पेशंट रेफर झाला की नातेवाईक आधी एकच गोष्ट ठरवतात, जळगाव गाठायचं की संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय, ‘घाटी’.

कृत्रिम पेशींचा आढावा अशा गावातून घेण्याचं कारण साधं आहे. या संशोधनाचा वैद्यकीय फायदा खरोखर कोणाला व्हायला हवा, तर रक्तपेढी, शीतपेटी आणि तज्ज्ञ डॉक्टर यांच्यापासून लांब राहणाऱ्या माणसाला. आणि दिल्लीत केलेला नियम शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत त्याचं काय होतं, याचा जितका अनुभव कापसाच्या पट्ट्याला आहे तितका देशात क्वचितच कुणाला असेल.

पेशी बनवायला निघालेले शास्त्रज्ञ दोन वाटांनी चालले आहेत. पहिली वाट असलेल्या पेशीतून नको ते काढून टाकण्याची. मे २०१० मध्ये अमेरिकेत क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने मायकोप्लाझ्मा मायकॉइडिस या जिवाणूचा जवळपास १०.८ लाख अक्षरांचा जनुकसंच रसायनांपासून जोडून तयार केला आणि तो नात्यातल्याच दुसऱ्या जिवाणूच्या पेशीत बसवला. पेशी जगली, वाढली, तिच्या दोनाच्या चार झाल्या. वर्तमानपत्रांनी ‘माणसाने जीव घडवला’ असे मथळे दिले, ते थोडे जास्तच होते. आज्ञा नव्या होत्या, घर आयतंच होतं. २०१६ मध्ये त्याच चमूने जनुकसंच छाटत छाटत ४७३ जनुकांवर आणला. त्यांतली १४९ जनुकं नेमकं काय करतात, हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं. ती काढली की पेशी मरते किंवा खुरटते, एवढंच कळत होतं. ही छाटलेली पेशी दुभंगायची तीही वेडीवाकडी. काढलेल्यांपैकी सात जनुकं परत घातल्यावर ती नीट, एकसारखी दुभंगते, हे २०२१ मध्ये दाखवलं गेलं. या प्रकरणात मला यशापेक्षा १४९ हा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो. जगातल्या सगळ्यांत साध्या पेशीचा एक तृतीयांश भाग बनवणाऱ्यांनाच उमगलेला नव्हता.

दुसरी वाट शून्यातून सुरू होते. गोल बुडाच्या काचेच्या फ्लास्कमध्ये क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेली चरबी, म्हणजे फॉस्फोलिपिड, घेतात. फ्लास्क कोमट पाण्यावर गरगर फिरत ठेवून हवा खेचून घेतली की क्लोरोफॉर्म उडून जातं आणि काचेला आतून एक पातळ पापुद्रा धरतो, दिसेल न दिसेल असा. त्यावर पाणी घालून हलवलं की पापुद्रा फुगतो, सुटतो आणि पाणी दुधी होतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्या दुधीपणात असंख्य पोकळ गोळ्या दिसतात. दुहेरी पदराचं आवरण आणि आत पाण्याचा थेंब. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगम यांनी ओळखलेली हीच ती लायपोसोम. पेशीच्या पडद्याची रचना मुळात हीच असते.

आता या रिकाम्या घरात संसार मांडायचा. टोकियोच्या ताकुया उएदा यांच्या गटाने २००१ मध्ये प्रथिनं बनवायला लागणारी सगळी यंत्रणा, रायबोसोम आणि तीसेक शुद्ध केलेली प्रथिनं, वेगवेगळी काढून परत एकत्र करून चालवून दाखवली. न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट नॉयरो आणि आल्बर्ट लिबशाबर यांनी २००४ मध्ये प्रथिनं बनवणारी यंत्रणा गोळीत कोंडली, आवरणाला छिद्र पाडणारं प्रथिन तिच्याकडूनच बनवून घेतलं आणि बाहेरून खाद्य आत येऊ दिलं. ती गोळी चार दिवस प्रथिनं बनवत राहिली. २०१६ मध्ये डेल्फ्टला सेस डेकर यांच्या प्रयोगशाळेत सिद्धार्थ देशपांडे आणि सहकाऱ्यांनी एका छोट्या चिपवर एकाच मापाच्या लायपोसोमांची रांग लावण्याची पद्धत बसवली. औषधाच्या दृष्टीने मला ही पायरी मोठी वाटते, कारण लहानमोठ्या गोळ्यांचा डोस कुणी ठरवू शकत नाही. आपल्याकडे पुण्याच्या आयसरमध्ये सुधा राजमणी यांचा गट याच गोळ्यांना उलटा प्रश्न विचारतो: पृथ्वीवर पहिलं आवरण मुळात आपोआप कसं तयार झालं असेल? त्यासाठी त्यांनी लडाखच्या गरम झऱ्यांच्या पाण्यात असली आवरणं टिकतात का, तेही तपासलं.

इतकं सगळं होऊनही, निव्वळ रसायनांपासून सुरुवात करून स्वतः खाणारी, स्वतःची यंत्रणा स्वतः दुरुस्त करणारी आणि दुभंगणारी पेशी आजवर कुणी बनवलेली नाही. आज ज्याला कृत्रिम पेशी म्हणतात ती काही तास, फार तर काही दिवस चालते. इंधन संपलं की थांबते. माझं म्हणणं असं की वैद्यकाच्या दृष्टीने ही उणीव नाहीच. औषधाने काम करावं आणि संपावं, हेच तर आपल्याला हवं असतं.

या वाटेवरचं पहिलं फळ महाराष्ट्राने फार आधी चाखलं आहे, फक्त त्याला कुणी कृत्रिम पेशी म्हणालं नाही. अँफोटेरिसिन बी हे बुरशीवरचं जुनं आणि जालीम औषध. बुरशी मारतं, पण मूत्रपिंडंही बाद करतं. तेच औषध लायपोसोमच्या आवरणात बसवून दिलं तर मूत्रपिंडांवरचा मारा खूप कमी होतो. परदेशी लायपोसोमल औषध इथल्या रुग्णाला परवडणारं नव्हतं. मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात आणि के.ई.एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांच्या गटाने, दिल्लीच्या प्रा. बी. के. बच्छावत यांच्यासोबत, देशी लायपोसोमल अँफोटेरिसिन घडवलं आणि रुग्णांवर तपासलं. पुढे ते ‘फंगिसोम’ नावाने बाजारात आलं. त्याची एक खासियत इथे सांगायलाच हवी. ते देण्याआधी कुपी पंचेचाळीस मिनिटं सोनिकेटरमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींनी थरथरणाऱ्या पाण्याच्या लहानशा टाकीत, ठेवावी लागते. त्याशिवाय गोळ्या योग्य मापाच्या होत नाहीत. औषधाचा शेवटचा टप्पा कारखान्यात न होता वॉर्डात, परिचारिकेच्या हातून होतो. टाकीत पाणी किती घालायचं, मध्येच वीज गेली तर काय करायचं, हा सगळा औषधाच्या गुणवत्तेचा भाग होऊन बसतो. पुढे येणाऱ्या कृत्रिम पेशी, ज्या आयत्या वेळी पाणी घालून जाग्या करायच्या असतील, त्यांचं भवितव्यही असंच कुणातरी सिस्टरच्या टेबलावर ठरेल.

२०२१ च्या मे-जूनमध्ये म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार आला आणि लायपोसोमल हा शब्द मराठवाड्यात घरोघरी पोचला. एका प्रौढ रुग्णाला रोज पाच-सहा कुप्या, त्याही आठवडे न् आठवडे. मिळत नव्हत्या. केंद्र राज्याला कोटा देणार, राज्य जिल्ह्याला, जिल्हा रुग्णालयाला. नातेवाईक चिठ्ठी घेऊन रांगेत. वाटपाचा प्रश्न उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठासमोरही गेला. त्याच काळात वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीने अँफोटेरिसिनचं इमल्शन रूपातलं इंजेक्शन बनवायला घेतलं. किंमत बाजारातल्या सातेक हजारांच्या जागी १२०० रुपये जाहीर झाली. ते लायपोसोम नव्हे, वेगळी रचना. पण वेळेला जवळचा कारखाना किती उपयोगी पडतो ते दिसलं. विज्ञान तीस वर्षांपूर्वी के.ई.एम.मध्ये सिद्ध झालेलं होतं. आमच्याकडे माणसं गेली ती पुरवठ्यापायी.

आता पुढच्या आशा. सगळ्यांत गाजलेली म्हणजे शरीराच्या आत बसून औषध बनवणारी गोळी. इस्रायलच्या टेक्निऑनमध्ये अवी श्रोडर यांच्या गटाने २०१८ मध्ये उंदरांच्या कर्करोगाच्या गाठीत अशा कृत्रिम पेशी सोडल्या. त्या पेशींनी तिथेच एक विषारी प्रथिन बनवलं आणि गाठीतल्या पेशी मारल्या. कल्पना सुंदर आहे. पण उंदराच्या गाठीत सुईने सोडणं आणि माणसाच्या शिरेतून यकृत, प्लीहा ओलांडून गाठीपर्यंत पोचणं यात मोठी दरी आहे. शरीरातली साफसफाई करणारी यंत्रणा असल्या गोळ्या फार पटकन गिळते. कर्करोगाच्या बाबतीत कृत्रिम पेशींकडे लगेच डोळे लावून बसू नये, असं मला वाटतं.

कारण तिथे खरी घडलेली गोष्ट वेगळ्या पेशींची आहे, आणि ती इथल्याच मुंबईची आहे. आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या गटाने आणि टाटा मेमोरियलने मिळून रुग्णाच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशींत नवं जनुक घालून त्या कर्करोगावर सोडण्याची देशी कार-टी उपचारपद्धती उभी केली. नेक्सकार१९ ला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली, एप्रिल २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ती खुली झाली. २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हेमॅटॉलॉजी’त ६४ रुग्णांचे निकाल आले, ज्यांचं मूल्यमापन झालं त्यांच्यापैकी ७३ टक्क्यांनी प्रतिसाद दिला. परदेशात तीन-चार कोटींचा उपचार इथे तीस-चाळीस लाखांच्या घरात आला. सोयगावच्या कापूसवाल्याला तीस लाख आणि तीन कोटी यांत फारसा फरक नाही, हे खरं. तरी मुद्दा असा की ही जिवंत पेशी आहे, प्रत्येक रुग्णासाठी वेगळी बनते, शरीरात वाढते. महाग का, तर म्हणून. न वाढणारी, सगळ्यांना चालणारी, डब्यात ठेवता येणारी पेशी जमली तर तिचं अर्थकारण निराळं असेल. आणि सगळंच जमतं असंही नाही. फिनाइलकिटोन्युरिया या आजारासाठी सिनलॉजिक कंपनीने घडवलेला जिवाणू शेवटच्या टप्प्यापर्यंत गेला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये परिणाम दिसण्याची शक्यता नाही म्हणून ती चाचणीच बंद झाली.

सोयगावच्या दृष्टीने मला डोळ्यांत तेल घालून पाहावीशी वाटणारी गोष्ट म्हणजे रक्त. बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला, घाटात अपघात झाला, तर पहिला तास हातात असतो. साठवलेलं रक्त दोन ते सहा अंशांत ठेवावं लागतं आणि महिना-सव्वा महिन्यात त्याची मुदत संपते. गटही जुळावा लागतो. ग्रामीण रुग्णालयात हवी ती पिशवी हव्या त्या रात्री असेलच असं नाही. जपानच्या नारा मेडिकल युनिव्हर्सिटीत हिरोमी साकाई यांचा गट मुदत संपलेल्या रक्तातून हिमोग्लोबिन शुद्ध करून घेतो आणि लायपोसोमच्या आवरणात भरतो. या गोळीला रक्तगट नाही. ती नेहमीच्या तापमानाला दोन वर्षं टिकते. लाल पेशीपेक्षा कितीतरी लहान, प्राणवायू वाहते, आणि आपली आपण वाढत नाही. २०२२ मध्ये माणसांवरच्या पहिल्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले: बारा निरोगी पुरुष, जास्तीत जास्त १०० मिलिलिटर. थोडा ताप, अंगावर पुरळ, एवढंच दिसलं. १०० मिलिलिटर म्हणजे चहाच्या कपाएवढं. रक्तस्रावाने पांढऱ्या पडलेल्या बाईला लिटरच्या हिशेबात लागतं. रस्ता लांब आहे, पण दिशा बरोबर आहे.

याच रस्त्यावर आधी एक वाईट अपघात होऊन गेला आहे. आवरणाविना उघड्या हिमोग्लोबिनपासून बनवलेल्या रक्तपर्यायांवर विसाव्या शतकाच्या शेवटी आणि पुढे बरीच वर्षं चाचण्या झाल्या. उघडं हिमोग्लोबिन रक्तातलं नायट्रिक ऑक्साइड शोषून घेतं, रक्तवाहिन्या आकसतात. २००८ मध्ये ‘जामा’मध्ये नॅटनसन आणि सहकाऱ्यांनी पाच उत्पादनांच्या १६ चाचण्या एकत्र तपासल्या: मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी जास्त, हृदयविकाराच्या झटक्याचा २.७ पट. त्यांतली पॉलीहीम या उत्पादनाची चाचणी अमेरिकेत जखमी माणसांवर संमती न घेता झाली होती, कारण बेशुद्ध माणूस संमती काय देणार. ज्याला नको असेल त्याने आधीच निळं कडं हातात घालून फिरावं, अशी सोय होती. शहरभर चाललेल्या प्रयोगातून सुटण्यासाठी कडं घालून फिरायचं, आणि प्रयोग चालू आहे हे कळलं असेल तरच. हे मला अजूनही पटत नाही. ते उत्पादन पुढे मंजूर झालं नाही आणि कंपनीने गाशा गुंडाळला.

या अपघातातून नियमनाचा एक मोठा धडा निघतो, आणि आजची जागतिक चर्चा नेमकी तिथे कमी पडते. पॉलीहीम जिवंत नव्हतं. ते वाढत नव्हतं, पसरत नव्हतं, कुणाच्या शेतात जात नव्हतं. तरी त्याने माणसांना इजा केली. उलट जैवसुरक्षेचे बहुतेक कायदे पहिला प्रश्न हाच विचारतात की ही गोष्ट पुनरुत्पादन करते का. २००० सालचा कार्टाजेना करार ‘जिवंत सुधारित सजीवां’पुरता आहे, जनुकीय द्रव्य पुढे देऊ न शकणारी गोळी त्याच्या कक्षेत येत नाही.

आपल्याकडचे नियम ५ डिसेंबर १९८९ चे, भोपाळनंतर आलेल्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे. त्यांच्या लांबलचक नावातच धोकादायक सूक्ष्मजीव, जनुकीय बदल केलेले सजीव ‘किंवा पेशी’ असं आहे. त्या काळाच्या मानाने दूरदृष्टीच म्हणायची. पण जनुक अभियांत्रिकीची व्याख्या वाचली तर तिथे आधीच एखादी पेशी किंवा सजीव आहे, आणि बाहेरचं आनुवंशिक द्रव्य तिच्यात घालायचं आहे, असं गृहीत धरलेलं दिसतं. चरबीचा पापुद्रा आणि शुद्ध केलेली प्रथिनं यांतून सुरू होणाऱ्या गोळीत यजमान पेशीच नाही. मग ती कुठे बसवायची? २०१९ चे नवीन औषधे आणि क्लिनिकल चाचणी नियम तिला नवीन औषध म्हणून पकडतील, कारण औषध पोचवण्याची नवी पद्धत आणि जनुकीय उपचार, दोन्ही तिथे कायम ‘नवीन औषध’ मानले आहेत. आवरणाच्या गुणवत्तेसाठी त्याच वर्षीची नॅनो औषधांची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आतल्या डीएनएसाठी आयसीएमआरची जनुकीय उपचारांची. म्हणजे निव्वळ औषध म्हणून पाहिलं तर आपण अगदीच उघड्यावर नाही. प्रश्न मधल्या अवस्थेचा आहे. आज जी गोळी तीन दिवसांत संपते, तिला उद्या खाद्य वापरायची यंत्रणा जोडली जाईल, परवा दुभंगण्याची. शास्त्रज्ञांचं ध्येयच ते आहे. कुठल्या पायरीवर फाइल औषध नियंत्रकाच्या टेबलावरून जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीकडे जायची, हे कुठेही स्वच्छ लिहिलेलं नाही. ते उत्पादन आल्यावर ठरवू, असं म्हणणं फार महागात पडतं.

अमेरिकेत व्हेंटर यांच्या घोषणेनंतर सात महिन्यांत राष्ट्राध्यक्षांच्या जैवनीती आयोगाने १८ शिफारशींचा अहवाल दिला. बंदी नको, मोकळीकही नको, लक्ष ठेवा, असा त्याचा सूर. लक्ष कुणी ठेवायचं हे मात्र मोघमच राहिलं. त्या मानाने डिसेंबर २०२४ मधली ‘सायन्स’मधली ३८ शास्त्रज्ञांची चेतावणी ठाम होती. आपल्या शरीरातले प्रथिनांचे आणि डीएनएचे घटक एका विशिष्ट हाताचे असतात. आरशातल्या प्रतिमेसारखे उलट्या हाताचे घटक घेऊन अख्खा जिवाणू घडवला, तर आपली प्रतिकारशक्ती आणि निसर्गातले त्याचे भक्षक त्याला ओळखतीलच असं नाही. सुटा आरसा-रेणू औषध म्हणून उपयोगी, कारण तो शरीरात लवकर पचत नाही. अख्खा आरसा-जिवाणू मात्र नको. या पत्रावर सही करणाऱ्यांत केट अ‍ॅडामाला होत्या, ज्या स्वतः त्या दिशेने काम करत होत्या आणि थांबल्या. रेघ मारायची तर ती अशी वस्तू बनण्याआधी मारता येते, हे यातून दिसलं. हा धोका अजून बऱ्याच वर्षांच्या अंतरावर आहे, म्हणूनच हे जमलं. ज्यात पैसा आधीच गुंतलेला असतो तिथे इतकी सहज रेघ मारली जात नाही.

कापसात मारली गेली नाही. २६ मार्च २००२ रोजी महिको या बियाणे कंपनीच्या तीन बीटी, म्हणजे अळीला मारणारं जनुक घातलेल्या, कपाशी वाणांना परवानगी मिळाली. महिको शेजारच्या जालन्याची. १९८१ पर्यंत जालना याच जिल्ह्यात होतं. परवानगीला अटी होत्या. मुख्य अट अशी की बीटी कपाशीभोवती पाच ओळी किंवा २० टक्के क्षेत्र, यांत जे जास्त असेल तेवढं, साधं बियाणं लावायचं. साध्या झाडांवर वाढलेल्या अळ्यांचे पतंग बीटीवर तगलेल्या अळ्यांच्या पतंगांशी मिलन करतात आणि प्रतिकार मंदावतो. शास्त्र पक्कं होतं. त्यासाठी ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅमचं नॉन-बीटीचं छोटं पाकीट यायचं. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर ते कसं दिलं जायचं आठवा: मोठी पिशवी हातात, छोटी आत, आणि दुकानदार पावती फाडताना त्याबद्दल एक शब्द बोलत नसे. बहुतेकांनी ते फेकलं, काहींनी नांग्या भरायला वापरलं. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. पाच एकरवाल्याने आपलं २० टक्के रान अळीला खाऊ घालायचं, त्याचा फायदा सगळ्या तालुक्याला, तोटा त्याचा एकट्याचा, आणि सांगायला कुणी आलेलं नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने राज्यभर बोंडं पोखरली, तेव्हा त्या छोट्या पाकिटाचं मोल कळलं.

त्याच सुमारास ‘चोर बीटी’ आलं, म्हणजे तणनाशक सहन करणारं, परवानगीच नसलेलं बियाणं. २०१८ मध्ये राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमलं. जून २०१९ मध्ये शेतकरी संघटनेने अकोट तालुक्यातल्या अकोली जहांगीरला ते उघडपणे पेरून सत्याग्रह केला. बाजू कुणाचीही घ्या, एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य होईल: दिल्लीतल्या समितीचा निर्णय आणि शिवारातलं वास्तव यांची भेटच झाली नव्हती.

१९८९ च्या नियमांत त्या भेटीसाठी एक जागा ठेवलेली आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. प्रत्येक जिल्ह्यात, जिथे गरज असेल तिथे, जिल्हास्तरीय समिती. अध्यक्ष जिल्हाधिकारी, सदस्य-निमंत्रक जिल्हा आरोग्य अधिकारी. कारखाना निरीक्षक, प्रदूषण नियंत्रण मंडळाचा प्रतिनिधी, कृषी अधिकारी, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, महापालिका आयुक्त. काम: जनुकीय वस्तू जिथे वापरात आहेत तिथे जाऊन पाहणं, आपत्तीचा आराखडा बनवणं, राज्य समितीला कळवणं. कापसाच्या वीस वर्षांत या समितीच्या बैठकीची चर्चा सोयगावच्या पारावर कधी ऐकू आली नाही. बोंडअळीच्या पंचनाम्याला तलाठी आले, कृषी सहायक आले. नियमात जिचं काम होतं ती समिती लोकांना ठाऊकच नव्हती.

औषधाच्या बाजूनेही असंच एक अंतर आहे, आणि ते अगदी किलोमीटरमध्ये मोजता येतं. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीच्या ठिकाणी स्वतःची नैतिकता समिती नसेल, तर दुसरी समिती त्याच शहरातली किंवा ५० किलोमीटरच्या आतली हवी. हेतू चांगला: लांबच्या समितीने न पाहिलेल्या गावावर शिक्का मारू नये. पण सोयगावच्या ग्रामीण रुग्णालयात उद्या अशा रक्तपर्यायाची चाचणी करायची ठरली, तर संभाजीनगरची समिती या वर्तुळात येत नाही. जळगावची येईल, तेही नकाशावर सरळ रेषा ओढली तर. ज्या औषधाचा उपयोग रक्तपेढीपासून लांब असलेल्या गावांना आहे, त्याची चाचणी रक्तपेढीच्या दारातच होणार, अशी ही गंमत आहे. आणि मग निकाल लावताना आपण म्हणणार, रक्ताच्या तुलनेत फारसा फायदा दिसला नाही. पॉलीहीमचा निळ्या कड्याचा मार्ग इथे कुणी आणू नये. आपल्या नियमांत बेशुद्ध माणसासाठी नातेवाइकाची संमती आणि निःपक्ष साक्षीदार आहे, ते टिकवायलाच हवं. पण गावाला आधी सांगणं, ग्रामसभेत, आशाताईंकडून, बाळंतपणाच्या तारखा लिहिल्या जातात तिथे, ही गोष्ट कायद्यात नसली तरी चाचणी करणाऱ्याला करता येते.

औषध बाजारात आल्यावर काय? औषधाचा त्रास झाला तर नोंद करायची राष्ट्रीय यंत्रणा २०१० पासून आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत तिची केंद्रं आहेत, टोल-फ्री क्रमांकही आहे. ती नेहमीच्या औषधांसाठी ठीक चालते. पाणी घालून जागी करायची पेशी असेल, तर त्रास औषधाचा की पाण्याचा की तापमानाचा, हे नंतर ठरवता येणार नाही. त्यासाठी कुपीचा बॅच क्रमांक, ती कधी, कुठल्या पाण्यात, कोणी विरघळवली हे केस पेपरवर त्याच वेळी उतरायला हवं. २०२१ मध्ये इंजेक्शनांच्या वाटपाचा हिशेब जिल्ह्याने कुपीगणिक ठेवला होता. टंचाईपोटी का होईना, ती शिस्त जमते हे दिसलेलं आहे.

राज्याला यासाठी नवा कायदा लागेल असं मला वाटत नाही, निदान पहिल्या टप्प्यात. १९८९ च्या नियमांतल्या जिल्हा समितीच्या यादीत कारखाना निरीक्षक आहे, कृषी अधिकारी आहे. अन्न व औषध प्रशासनाचा माणूस नाही, रक्त संक्रमणाचा डॉक्टर नाही. त्या वेळी पेशी म्हणजे कारखान्यातून किंवा शेतातून येणारी वस्तू होती, दवाखान्यातून येणारी नव्हती. पण त्याच नियमात समितीला गरजेप्रमाणे तज्ज्ञ सहयोजित करण्याची मुभा दिलेली आहे. छत्रपती संभाजीनगरच्या जिल्हाधिकाऱ्यांना प्रशासनाचा औषध निरीक्षक आणि घाटीच्या रक्तकेंद्राचा डॉक्टर या समितीवर घ्यायला संसदेची वाट पाहावी लागत नाही. आधी ती समिती भरवावी मात्र लागेल.